पाचवी बाटली

मोताळ्याच्या दवाखान्याच्या पडवीत, भर दुपारी, नर्सबाईंसमोर उभा राहून शेषराव कंपाउंडर बायकांची ओवी म्हणत होता. त्याला लाज वगैरे काही वाटत नव्हती. उलट छाती फुगली होती.

तो महिन्याचं औषध न्यायला टेंभुरखेडहून आला होता. सिंधूताई नर्सबाईंनी खोके बांधता बांधता सहज विचारलं, "तुमच्या त्या सुईणबाईंचं कुठवर आलं? बाटल्यांची इंग्रजी नावं शिकवायला सांगितली होती."

"शिकवली की!"

"सगळी?"

"सहाच्या सहा. झोपेत इचारा."

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा. गावोगावी दवाखान्याच्या खोल्या उघडत होत्या, पण डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस खोली, फळी आणि शेषराव. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला पोरगा, पण इंग्रजी सोडली नाही त्यानं. औषधाच्या खोक्यातले कागद वाचून, कॅलेंडरं वाचून, साबणाची वेष्टनंसुद्धा वाचून इंग्रजी शिकला. शब्द सापडला की दिवसभर तोंडात घोळवायचा. मग मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आला, की बाळंतपण करणाऱ्या बायकांना बाटलीवरची नावं यायलाच पाहिजेत, तोंडी परीक्षा होईल, पास होईल तिला औषधांची पेटी मिळेल. तर हा पठ्ठ्या हरखूनच गेला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थी मिळाले होते.

विद्यार्थी म्हणजे केसरबाई. पन्नाशीची, तपकिरीच्या डबीशिवाय न हलणारी, अर्ध्या गावाची नाळ कापलेली. आणि तिची लेक चांगुणा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. शेषरावनं पाटीवर ए काढला, बी काढला. केसरबाईनं पाटी उलटी धरली, सुलटी धरली आणि परत दिली. "बाबू, माह्या डोळ्यानं सुईत दोरा जात नाई, हे किडे काय दिसतीन? तू तोंडानं सांग."

तोंडानं सांगितलं तर सकाळचा शब्द संध्याकाळी पार. मग एक दिवस चांगुणा जात्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "आई, याची ओवीच बांधू ना. दळता दळता पाठ होते."

आणि बांधली तिनं. फळीवर बाटल्या जशा ओळीनं होत्या तशी. एका बाटलीची एक ओवी. पंधरा दिवसांत केसरबाई अशी तयार झाली की शेषरावनं नुसतं 'आर्जिरॉल' म्हणावं आणि तिनं ओवी गुणगुणत फळीवर बरोबर त्या बाटलीवर बोट ठेवावं. शेषरावला रडू यायचं बाकी होतं.

तीच ओवी तो आता सिंधूताईंना ऐकवत होता.

"पाचव्या बाटलीत बाई, आर्जिरॉल काळंशार,
माह्या सोन्याच्या डोळ्याले, एक थेंब, नको चार.

सहाव्या बाटलीत बाई, आयोडीन जळे आग,
नाळेवर लाव बाई, डोळ्यापासून दूर वाग."

सिंधूताई हसल्या. "अहो, किती छान! डोससुद्धा घातलाय पोरीनं. म्हणजे आता त्यांना लेबल वाचता येतं?"

"वाचता नाई येत. वाचायचं कामच नाई ना. पाचवी म्हणजे पाचवी. अंधारात हात घातला तरी बरोबर."

"बरं. आणि परवा मोठे डॉक्टर येणार आहेत तुमच्याकडे. खोली आवरलीत ना?"

"एकदम टकाटक!" शेषराव रंगात आला होता. "काल संध्याकाळी सगळ्या बाटल्या पुसल्या, जुनी लेबलं भिजवून काढली, नवीन लिहिली. आणि बाई, फळी लावली ए पासून झेडपर्यंत. आर्जिरॉल, बोरिक, कॅस्टर ऑइल, ग्लिसरीन, आयो..."

तो थांबला.

सिंधूताईंच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"पाचवी कोणती म्हणालात आता?"

शेषरावनं बोटांवर पुन्हा मोजलं.

"शेषराव, पाचवी कोणती?"

"आयोडीन."

"कुणाचं बाळंतपण आहे का सध्या गावात?"

सकाळी एस्टीत बसताना केसरबाई धावत आली होती. "शेषराव, पोरीच्या कळा सुरू झाल्या. चाबी देऊन जा." त्यानं करगोट्याची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली होती, आणि वर मास्तरासारखं विचारलं होतं, "ओवी ध्यानात आहे ना मावशी?" ती म्हणाली होती, "माह्या पोरीनं बांधलेली ओवी मी इसरीन काय बे?"

त्यानंच आठवण करून दिली होती.

"वास येईल हो तिला आयोडीनचा," सिंधूताई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज पडला होता.

"तिले वास येत नाई. तपकीर ओढते दिवसभर." आणि दोन्ही औषधं काळपट-तपकिरी. बाळंतिणीच्या खोलीत तर दिवसाही दिवा लागतो.

"जा," सिंधूताई ओरडल्या. "खोकी राहू द्या. जा!"

एस्टी संध्याकाळशिवाय नव्हती. स्टँडाजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तिथं वामनराव म्हणून माणूस पाय पसरून बसला होता. शेषरावनं विचारलं नाही, काही नाही, भिंतीला टेकलेली सायकल ओढली.

"ए ए ए! काऊन बे, बायको पळाली काय?"

"वामनराव, सोडा. पोट्ट्याचे डोळे जातीन."

"कोणाच्या पोट्ट्याचे?"

"अजून झालं नाई ते!"

वामनराव काय समजला देव जाणे, पण त्यानं हँडल सोडलं.

गावाबाहेर पडला आणि चढ लागला. तीन कोसांचा कच्चा रस्ता, त्यात नांदुऱ्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग. धूळ अशी की पुढचा बैल दिसेना. शेषराव घंटी वाजवत होता, गाडीवान शिव्या घालत होते. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोक्यात फळी होती फक्त. आर्जिरॉल, बोरिक, कॅस्टर, ग्लिसरीन, आयोडीन, स्पिरिट. पुन्हा मोजायचा. कदाचित ग्लिसरीन खाली ठेवलं असेल. कदाचित बोरिकची बाटली पुसून खिडकीतच राहिली असेल. मग पाचवं स्पिरिट येईल. ते तरी बरं का? नाही, ते पण नाही बरं. आर्जिरॉल, बोरिक, कॅस्टर, ग्लिसरीन. प्रत्येक वेळी पाचवी तीच निघायची.

मागच्या दिवाळीत बत्ता लागून त्याचं बोट फुटलं होतं, त्यावर त्यानं हेच आयोडीन ओतलं होतं. चांगला बावीस वर्षांचा घोडा, पण खोलीभर नाचला होता. बोटाची कातडी ती. आणि डोळा? नुकताच उघडलेला?

त्यानं पॅडल आणखी जोरात मारलं.

मग त्याच्या मनात आलं, की पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. रात्रसुद्धा होते कधी कधी. लागू दे वेळ. देवा, नको होऊ दे इतक्यात. आणि आपण काय मागून राह्यलो हे कळलं तसा तो हादरला. चांगुणा तिकडे कळा देत होती, आणि हा तिच्या कळा लांबाव्यात म्हणून देवाला विनवत होता. ज्या पोरीनं त्याला मास्तर केलं, तिच्या. तरी विनवणी थांबेना. "लागू दे वेळ, लागू दे वेळ," पॅडलच्या तालावर तोंडातून तेच.

नाल्याच्या उतारावर चाक गोट्यावर चढलं आणि हा सायकलीसकट खाली. विजार गुडघ्यावर फाटली, गुडघा सोलला गेला. एका गाडीवाल्यानं हाक दिली, "लागलं काय हो भाऊ?" शेषराव उठला. हँडल वाकडं झालं होतं. वाकड्या हँडलनंच निघाला.

गावाची बाभळ दिसली तेव्हा ऊन कललं होतं. केसरबाईचं घर वेशीपासून तिसरं. त्यानं सायकल अंगणात टाकून दिली. तिचं चाक फिरतच राहिलं.

आणि त्याला रडणं ऐकू आलं.

लहान, चिरकं, नवंकोरं रडणं.

झालं होतं बाळ.

ओट्यावर चांगुणाचा बाप शंकरराव बसला होता, हातात विडी, पण पेटवलेली नव्हती. खोलीच्या दाराशी केसरबाईची जाऊ आशाबाई. दार नुसतं लोटलेलं, फटीतून ओव्याच्या धुरीचा धूर. शेषराव सरळ दाराकडे धावला. आशाबाईनं दोन्ही हात आडवे टाकले.

"ए बाबू! शुद्ध आहे काय? बाळंतिणीची खोली हाये ती. गडीमाणूस आत जाते काय?"

"आशाकाकू, डोळ्यात टाकलं का?"

"काय?"

"डोळ्यात! पोराच्या डोळ्यात औषध टाकलं का?"

"मले काय माहीत? पान्यावानी घामेजला तू. बस तिकडं."

त्यानं तिच्या खांद्यावरून ओरडायला सुरुवात केली. "मावशी! मावशी, पाचवीतलं टाकू नका! ऐकू येते का? पाचवीतलं डोळ्यात टाकू नका!"

आत रडणं चालूच होतं. तो रडणं कान देऊन ऐकत होता. भुकेचं आहे का आगीचं? जन्मलेलं पोर असंच रडते का? त्याला काय ठाऊक.

मग केसरबाईचा आवाज आला, वैतागलेला. "काऊन बोंबलते रे? वार पडली नाई अजून. नाळ कापली नाई. डोळे कुठून धुऊ?"

शेषराव दारातच खाली बसला.

बाळामागून वार बाहेर पडल्याशिवाय केसरबाई पोराला हात लावायची नाही. नाळ तशीच, पोर तसंच फडक्यात आईच्या पायाशी. तिच्या सासूची रीत. सिंधूताईंनी तिला किती वेळा रागावलं होतं, शेषरावनंही दोनदा समजावलं होतं, की असं ताटकळत ठेवू नका. केसरबाई हो म्हणायची आणि आपलंच करायची. आज बाळाचे डोळे तेवढ्यानं वाचले होते.

पण वार पडली नव्हती. ती आत अडकली तर बाळंतिणीच्या जिवाशी गाठ, हे ओट्यावरच्या शंकररावालाही ठाऊक होतं. म्हणून तर विडी पेटत नव्हती. आता भीतीच्या दोन दोऱ्या झाल्या, आणि शेषराव दोन्हींना लटकून राहिला.

"मावशी, आणलेल्या बाटल्या बाहेर द्या."

"बाटल्या नाई आनल्या. दोन शिशीत काढून आनलं. पाचवीतलं एका, सहावीतलं एका. घाईत रंगबी पायला नाई."

शिशीवर काही लिहिलेलं नव्हतं. लिहून तरी काय होणार होतं. फटीतून एक ओला हात आला, आशाबाईनं त्यातली पाचवीची शिशी घेऊन शेषरावला दिली. लहान, अत्तराची असते तेवढी. आत काळपट पाणी. त्यानं उजेडात धरली, हलवली. वास घेतला. पण नाकात तीन कोसांची धूळ आणि वरून धुरी, नाकाचा भरोसाच उरला नव्हता.

मग त्याला गुडघा आठवला. फाटलेल्या विजारीतून लाल दिसत होता. त्यानं शिशी तिरपी केली, थेंब टाकला.

"आय आय आय आय!" तो एका पायावर अंगणभर नाचला. शंकरराव उठून उभा राहिला. आशाबाईनं तोंडावर पदर धरला.

आतून केसरबाईनं विचारलं, "काय झालं वं आशा?"

"त्यानं ते औषध गुडघ्यावर टाकलं. इंगळी चावल्यावानी करून राह्यला."



"शेषराव," केसरबाईचा आवाज बदलला होता. "हे माह्या नातवाच्या डोळ्यात जानार होतं?"

शेषरावनं शिशी ओट्यावर ठेवली. गुडघा पेटला होता.

"मी ओवी चुकली काय?"

"नाई मावशी. ओवी बरोबर आहे."

"मंग?"

"मी फळी बदलली काल. नवी लावली. इंग्रजीच्या हिशोबानं."

"आन् मले सांगतलं नाई?"

"नाई."

तेवढ्यात आत धांदल झाली. केसरबाईचं "दाब, दाब बाई, हां, अजून," चांगुणाचं एक लांब कण्हणं, आणि मग केसरबाईचा मोठा श्वास. "पडली वं माय. पडली. पुरी हाये." शंकरराव मटकन बसला आणि विडी पेटवली. तीन काड्या गेल्या.

एक दोरी सुटली. शेषराव दवाखान्याकडे पळाला. खोली उघडीच होती. फळीवर त्याच्या सुंदर अक्षरातली लेबलं ओळीनं. काल रात्री दारात उभा राहून त्यानं किती वेळ बघितली होती ती. पहिली बाटली उचलली. ARGYROL. अक्षर अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. घेऊन धावला.

"मावशी, ही घ्या. हे आर्जिरॉल. आता टाका."

दार उघडलं नाही. आतून केसरबाई म्हणाली, "कशावरून?"

"इथं लिहिलेलं आहे ना."

"लिवलं कोनं?"

शेषराव थबकला. "मी."

"कधी?"

"काल."

"म्हंजे फळी बदलली तवाच."

"हाव."

 शेषरावच्या हातातली बाटली जड झाली. काल सगळी जुनी लेबलं त्यानं एका घमेल्यात भिजवली होती. बाटल्या खाली ओळीनं, सगळ्या नागड्या, त्यातल्या दोन काळ्या पाण्याच्या, शेजारी शेजारी. कंदील होता. तो शीळ घालत होता. चिकटवताना कोणतं कुठं चिकटवलं? बरोबरच चिकटवलं. शिशीतलं आयोडीन निघालं, म्हणजे पाचवीवरचं लेबल बरोबर होतं. म्हणजे हीसुद्धा बरोबर. पण केसरबाई बरोबर पाचव्या बाटलीतूनच ओतून आली, का आज घाईत चौथी-सहावी झाली? तो जितका विचार करत गेला तितकं ते घमेलं डोळ्यासमोर गढूळ होत गेलं. शब्द त्याला सगळे येत होते. शब्दाच्या आत काय भरलंय, ते सांगता येईना.

"गुडघ्यावर टाकून दाखवतो," तो म्हणाला.

"गुडघा तर तुझा आधीच पेटला हाये, त्याले आता काय समजते?" केसरबाई म्हणाली. "आन् माह्या नातवाच्या गुडघ्यात टाकाचं हाये काय? डोळ्यात टाकाचं हाये. तू तुह्या डोळ्यात टाक."

आशाबाई हसायला गेली आणि हसली नाही.

"मावशी..."

"शिकवलं तूच ना? मंग टाक. एक थेंब, नको चार."

शंकरराव विडी विझवून जवळ आला. शेषरावच्या शेजारी उभा राहिला. पळून जाऊ नये म्हणून की पडू नये म्हणून, ते कळलं नाही.

शेषराव ओट्यावर बसला. थेंब टाकायची काचेची नळी आशाबाईच्या हातात दिली. त्यानं मान मागे टाकली. वर छपराचा वासा, त्यात चिमण्यांचं घरटं. बघून घेतलं त्यानं ते, दोन्ही डोळ्यांनी. मग एका डोळ्याची पापणी बोटानं ओढून धरली. काळा थेंब नळीच्या टोकाशी फुगला. मोठा होत गेला. त्याला वाटलं, ओरडावं, नको म्हणावं.

"टाका काकू."

थेंब पडला.

सगळं तपकिरी झालं. छप्पर, वासा, घरटं, आशाबाईचं तोंड. शेषराव दात आवळून वाट पाहत होता. आता जळेल. आता. ओट्याची कड त्यानं इतकी घट्ट धरली की नखात माती गेली.

"जळते काय?" आतून विचारलं.

"थांबा."

"खरं सांग बे."

"थांबा ना मावशी!"

गार होतं. किंचित चरचरलं, आणि मग नुसतं गार. गालावरून तपकिरी ओघळ खाली आला, हनुवटीवरून सदऱ्यावर. आशाबाईनं वाकून त्याच्या डोळ्यात पाहिलं, जत्रेत बैलाचे दात बघतात तसं. "लाल नाई झाला," ती आत ओरडली. "काळा झाला, पन लाल नाई."

"अजून जरा थांबू," केसरबाई म्हणाली. तिनं नाळ कापली, पोर पुसलं, बोरिकचं पाणी हवं होतं, पण तेही कालच्याच लेबलाचं म्हणून नको म्हणाली, उकळलेल्या साध्या पाण्यानं डोळे पुसले. शेषराव तसाच बसून होता. मग फटीतून हात आला. यावेळी बाटलीसाठी.

आशाबाईला त्याच्या मुठीतून बाटली सोडवून घ्यावी लागली.

आत पोर पुन्हा रडलं. शेषराव ताडकन उठला.

"काही नाई," केसरबाई म्हणाली. "डोळ्यात पानी गेलं का कोनीबी रडते. तुह्यावानीच."

मग आतून दुसरा आवाज आला. बारीक, थकलेला. चांगुणा. इतका वेळ ती सगळं ऐकत होती.

"शेषरावभाऊ."

"हाव बाई."

"ओवी बदलावी लागते आता."

"काय करू सांग. फळी पुन्हा पहिल्यासारखी लावतो. आत्ता जाऊन लावतो."

"फळी कशीबी लाव," ती म्हणाली. श्वास घेतला, आणि जात्याशिवायच, तुटक तुटक म्हणाली,

"काळ्या पान्याचा गं थेंब, शिकवनाऱ्याच्या डोळ्यात,
जळला नाई तो गं बाई, मंग सोन्याच्या डोळ्यात."

आशाबाई आता मात्र हसली. शंकररावही हसला. शेषराव हसला नाही. त्याच्या एका डोळ्याला जग अजून तपकिरी दिसत होतं, आणि दवाखान्याच्या खोलीत पाच बाटल्या उरल्या होत्या, त्याच्याच अक्षरातल्या, ज्यांच्यात काय आहे ते त्याला आता एकेक करून पाहायचं होतं.

तो उठला. चार पावलं गेला आणि वळला.

"मावशी, तुमचं झालं की याल काय तिकडं? मी एकटा नाई उघडत त्या."